जबाबातून गळालेला प्रश्न

आमच्या गल्लीतल्या काकूंचं मंगळसूत्र भर संध्याकाळी कुणीतरी हिसकावून नेलं, तेव्हा त्यांच्यासोबत फिर्याद द्यायला मी गेलो होतो. काकू सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या माण तालुक्यातल्या. ठाण्यातले अंमलदार भले माणूस होते. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, ‘घाबरू नका आजी’ म्हणाले आणि संगणकापुढे बसून विचारायला लागले.

‘गाडी कुठली होती?’

‘गाडीतलं मला काय कळतंय बाबा.’

‘काळी होती का?’

‘काळीच आसंल. अंधारून आलं व्हतं.’

‘दोघं होते ना गाडीवर?’

‘दोघं आसतील. येक तर व्हताच.’

पाऊण तासानं छापलेला कागद हातात आला. ‘समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देते की,’ अशी सुरुवात. मध्ये, काळ्या रंगाच्या मोटारसायकलवरून आलेल्या दोन अनोळखी इसमांनी माझे पाठीमागून येऊन माझे गळ्यातील सोन्याचे मंगळसूत्र जबरीने हिसका मारून चोरून नेले. आणि शेवटी, सदरची फिर्याद मी वाचून पाहिली, ती माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरी आहे. काकूंनी चष्मा आणला नव्हता. दाखवलेल्या जागी त्यांनी सही केली.

त्या खोलीत कुणीही खोटं बोललं नाही. अंमलदारांचा हेतू चांगलाच होता, शिवाय बाहेर आणखी चार माणसं ताटकळत होती. तरीही ‘काळीच आसंल’चं ‘काळ्या रंगाच्या’ झालं, ‘येक तर व्हताच’चे दोन इसम झाले आणि काळा रंग मुळात कुणाच्या तोंडून आधी निघाला ते कागदावरून पुसलं गेलं. उद्या काळ्या गाडीवरची कुणाची तरी दोन पोरं पकडून आणली, तर हाच कागद त्यांच्याविरुद्ध उभा राहील. आणि खरा चोर लाल गाडीसकट सापडला, तर याच कागदाचा आधार घेऊन त्याचा वकील काकूंना भर कोर्टात खोटं पाडेल.

त्या संध्याकाळनंतर मी भाषेच्या तत्त्वज्ञानाची काही पुस्तकं पुन्हा काढली. विद्यार्थिदशेत ती परीक्षेपुरती वाचली होती. त्यांचा संबंध ठाण्यातल्या टेबलाशी इतका जवळचा असेल, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पॉल ग्राइस हे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ. १९६७ साली त्यांनी हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानं दिली आणि त्यातलं संभाषणावरचं व्याख्यान १९७५ मध्ये छापून आलं. त्यांचं म्हणणं वरवर साधं आहे. दोन माणसं बोलायला लागली की आपण एकमेकांना साथ देतो आहोत, असं दोघंही धरून चालतात. समोरचा लागेल तेवढं सांगेल, त्याला खरं वाटतं तेच सांगेल, मुद्द्याचं सांगेल आणि समजेल असं सांगेल. यात कुठं काही खटकलं, तर आपण त्याला वेडा ठरवत नाही, त्याच्या बोलण्यामागचा अर्थ शोधतो. ‘जेवूनच जा आता’ या आग्रहावर पाहुणा म्हणतो, ‘शेवटची एसटी साडेआठची आहे.’ नाही हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण नकार पोचला. लेकी बोले सुने लागे म्हणणाऱ्या समाजाला हे नव्यानं शिकवायला नको. शब्दाला वाच्यार्थापलीकडे व्यंग्यार्थ असतो, हे काश्मीरच्या आनंदवर्धनानं नवव्या शतकातच मांडलं होतं. त्याच्यापुढे काव्य होतं, ग्राइस यांच्यापुढे रोजचं बोलणं होतं, एवढाच फरक.

ग्राइस यांच्याआधी त्याच हार्वर्डमध्ये १९५५ साली जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवलं होतं की काही वाक्यं घडलेलं सांगत नाहीत, ती स्वतःच काहीतरी घडवतात. ‘फिर्याद देते’ हे तसलंच वाक्य. ते उच्चारून सही होताच कायद्याचं चाक फिरायला लागतं आणि नंतर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणून ते थांबत नाही. पुढे युर्गेन हाबरमास यांनी समजुतीसाठीचं बोलणं आणि डाव साधण्यासाठीचं बोलणं वेगळं केलं. पोलिसांची चौकशी पुष्कळदा दुसऱ्या प्रकारातली असते, हे कुणीही मान्य करेल. अडचण अशी की समोर बसलेल्या माणसाचं मन पहिल्याच प्रकारात वावरत असतं. जन्मभर मुरलेली साथ देण्याची सवय ठाण्याच्या पायरीशी चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. प्रश्न आला की उत्तर द्यावंसं वाटतं. ‘काळी होती का?’ असं साहेबांनी विचारलं, त्या अर्थी त्यांना काहीतरी माहीत असणार, असं वाटतं. काकूंनी दिली ती साथ.

या सवयीनं एका पोराचा जीव कसा गेला, हे नीट पाहायचं तर लंडनला जावं लागतं. २ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री दक्षिणेकडच्या क्रॉयडनमध्ये ख्रिस्टोफर क्रेग आणि डेरेक बेंटली एका गोदामात चोरीसाठी छपरावर चढले. क्रेग १६ वर्षांचा, बेंटली १९ चा. पोलीस आले, बेंटली लगेच हाती लागला. त्यानंतर काही वेळानं क्रेगच्या गोळीनं सिडनी माइल्स हा शिपाई ठार झाला. क्रेगचं वय फाशीला कमी पडत होतं. म्हणून गोळी न झाडलेल्या, आधीच पकडल्या गेलेल्या बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी दिलं.

खटल्यात दोन गोष्टी त्याच्यावर शेकल्या. एक म्हणजे छपरावर तो ओरडल्याचं पोलिसांनी सांगितलेलं वाक्य, ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस.’ मराठीत ते ‘दे त्याला, ख्रिस’ असं होईल, आणि नवल म्हणजे मराठीतही ते तसंच दुहेरी राहतं. पोलीस पिस्तूल मागत असेल तर ‘दे त्याला’ म्हणजे हातातलं देऊन टाक. आणि भांडणात ‘दे त्याला’ म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही कळतं. एकाच वाक्यात शरणागती आणि हल्ला. असं आपण बोललोच नाही, असं दोन्ही मुलांनी सांगितलं होतं.

दुसरी गोष्ट त्याचा जबाब. बेंटलीला धड लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची बौद्धिक वाढ वयाच्या मानानं फार मागे होती. जबाब पोलिसानं लिहून घेतला. हे सगळं बेंटली आपणहून सलग सांगत गेला, आम्ही एकही प्रश्न विचारला नाही, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं. तो बंदूक वापरणार हे मला माहीत नव्हतं, अशा अर्थाचं एक वाक्य त्या जबाबात होतं. शेवटाकडे आणखी एक होतं, की गोळी झाडेपर्यंत त्याच्याकडे बंदूक आहे हेच मला माहीत नव्हतं. सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी ही विसंगती ज्युरीपुढे ठेवली. बंदूक ‘वापरणार’ हे माहीत नव्हतं म्हणणाऱ्याला बंदूक ‘होती’ हे माहीत असणारच, असा त्यांचा तर्क.

चाळीसहून अधिक वर्षांनी बर्मिंगहम विद्यापीठातले भाषातज्ज्ञ माल्कम कोल्थर्ड यांनी तो कागद भाषेच्या कसोटीवर घासला. त्यांना पहिल्यांदा खटकली ती नकारार्थी वाक्यं. घडलेलं सांगणारा माणूस सहसा घडलं तेच सांगतो. न घडलेल्या गोष्टी अनंत असतात. त्यातली नेमकी एखादी नाकारावीशी वाटते, ती कुणीतरी विचारल्यावर. ‘काल मी तुमच्या अंगणात आलो नाही’ असं वाटेत भेटलेला शेजारी आपणहून म्हणेल का? बेंटलीच्या जबाबात असे नकार जागोजागी होते. म्हणजे तिथे प्रश्न होते, कागदावरून ते काढून टाकले होते. आता गोडार्ड यांची विसंगती पुन्हा पाहा. ‘तो बंदूक वापरणार हे तुला माहीत होतं का?’ या प्रश्नाला कोणताही निर्दोष मुलगा ‘नाही’च म्हणेल. प्रश्न खोडून त्या ‘नाही’चं पूर्ण वाक्य केलं, की बंदुकीची माहिती त्याच्या पदरात आपोआप पडते.

मग कोल्थर्ड यांनी ‘देन’, म्हणजे ‘मग’, ‘नंतर’ हा एकच बारीकसा शब्द मोजला. बेंटलीच्या ५८२ शब्दांच्या जबाबात तो १० वेळा येतो, सरासरी ५८ शब्दांमागे एकदा. त्यांनी तपासलेल्या साध्या साक्षीदारांच्या जबाबांत तो ९३० शब्दांमागे एकदा आला, आणि पोलिसांनी स्वतः लिहिलेल्या जबाबांत ७८ शब्दांमागे एकदा. शिवाय सामान्य माणूस ‘मग मी’ म्हणतो, त्या कागदात ‘मी मग’ असा पोलिसी क्रम होता. शब्द बेंटलीचे म्हणून सांगितले, चाल मात्र पोलिसाची होती.

३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयानं बेंटलीची दोषसिद्धी रद्द केली. गोडार्ड यांनी ज्युरीला केलेलं मार्गदर्शन अन्यायाचं होतं, हा त्या निकालाचा मुख्य आधार. चार दशकं भावासाठी झगडलेली बहीण आयरिस आदल्याच वर्षी गेली होती.

आपल्याकडची कोणतीही फिर्याद काढून कोल्थर्ड यांच्या नजरेनं वाचा. ‘सदर इसम’, ‘नमूद ठिकाणी’, ‘माझे कब्जातील’ असं आपल्या स्वयंपाकघरात कोण बोलतं? वीटभट्टीवरचा मजूर, महाविद्यालयातली मुलगी आणि बँकेचा निवृत्त अधिकारी, तिघंही ठाण्यात येऊन एकाच भाषेत बोललेले दिसतात. ती भाषा ज्याची, त्याच्या मनातली घटनाही थोडीफार त्यात उतरते, ही माझी तक्रार आहे.

चौकशीत शब्दांचा दुसरा उपयोग याहून गंभीर. आरोपीला पोलीस म्हणतात, ‘एकदाचं बोलून मोकळा हो.’ मराठीतला हा ‘मोकळा’ फार खोल शब्द आहे. मन मोकळं होतं, ढोर दाव्यातून मोकळं होतं, कैदी तुरुंगातून मोकळा होतो. ‘तुला सोडून देतो’ असं अधिकाऱ्यानं कुठंही म्हटलेलं नसतं. दोन रात्री न झोपलेला पोरगा मात्र तेच ऐकतो. १९९१ मध्ये सॉल कॅसिन आणि कार्लीन मॅकनॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगानं दाखवलं. चौकशी करणाऱ्यानं गुन्हा सौम्य करून मांडला, ‘तुझ्या जागी कुणीही असंच केलं असतं’ असा सूर लावला, की वचन न देताही ऐकणारे शिक्षा कमी होईल असंच समजतात, जणू उघड वचन दिलं आहे. आमिष, धमकी किंवा वचन देऊन काढलेली कबुली आपला पुरावा कायदा १८७२ पासून नाकारत आला आहे. पण न उच्चारलेलं वचन कागदावर दिसणार कसं? तिथे फक्त कबुली असते.

उलट, दुबळ्याच्या सूचक बोलण्याची न्यायालयं किती कदर करतात? अमेरिकेत १९९४ च्या डेव्हिस खटल्यात नौदलातला एक खलाशी चौकशी चालू असताना म्हणाला, ‘मी बहुधा वकिलाशी बोलायला हवं.’ सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की ही मागणी पुरेशी स्पष्ट नाही, अशा बोलण्यावर चौकशी थांबवणं पोलिसांवर बंधनकारक नाही. त्याच न्यायालयापुढे १९७३ मध्ये आलेल्या प्रकरणात पोलिसानं गाडीतल्या माणसाला विचारलं होतं, ‘डिकी उघडते का?’ त्यानं ‘हो’ म्हणून डिकी उघडून दिली, आणि झडतीला राजीखुशीची संमती होती असं मानलं गेलं. शब्दशः पाहिलं तर डिकीच्या त्या प्रश्नात परवानगी मागितलेलीच नव्हती. पोलिसाचं आडवळण विनंती ठरतं, आरोपीचं आडवळण संदिग्ध ठरतं. लॉरेन्स सोलन आणि पीटर टियर्स्मा यांनी ही विषमता नेमकी दाखवून दिली आहे. जॅनेट एन्सवर्थ यांनी १९९३ मध्येच लिहिलं होतं की सत्तेपुढे दबलेली माणसं, त्यातही बायका, थेट मागण्याचं टाळतात, त्यामुळे थेट मागणीचीच अट घालणारा कायदा त्यांच्यावर अन्याय करतो. आपला गावाकडचा माणूस तर ‘साहेब, वकीलसाहेबांना एक फोन लागला असता तर बरं झालं असतं’ असंच म्हणेल. ‘मला वकील हवा’ म्हणणं त्याला उद्धटपणाचं वाटतं.

आणि गप्प राहणाऱ्याचं काय? मौनं संमतिलक्षणम् हे वचन आपल्या अंगात फार भिनलं आहे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं होतं. तिथेच तिच्यावर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोन पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, अशा कारणांनी त्यांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमती वेगळी आणि शरण जाणं वेगळं, हा त्या पत्राचा गाभा. रात्री, पोलीस ठाण्यात, गणवेशातल्या माणसापुढे गप्प राहण्याचा अर्थ घरातल्या गप्प राहण्यासारखा लावायचा नसतो. १९८३ मध्ये कायदा बदलला तो या लढ्यामुळे. ग्राइस यांची सगळी मीमांसा बाजूला ठेवली तरी चालेल, पण कोण कुणापुढे बोलतो आहे हे पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये, एवढं देसाईगंजनं आपल्याला शिकवायला हवं होतं.

आपल्या कायद्यानं पोलिसांच्या लेखणीवर सुरुवातीपासून अविश्वास दाखवला आहे. मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८५५ चा. १८६१ च्या फौजदारी प्रक्रियेत पोलिसांपुढची कबुली अग्राह्य ठरली, ते तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात आलं आणि आता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. चौकशीत पोलिसांनी लिहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर त्याची सहीही घ्यायची नसते. मात्र या भिंतीला दोन दारं आहेत. एक, जुनं २७ वं कलम. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली, तर त्या शोधाशी जोडलेलं तेवढंच बोलणं चालतं. प्रिव्ही कौन्सिलनं १९४६ मध्ये पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात यासाठी वाक्याचे अक्षरशः तुकडे पाडले. ‘छपरात लपवलेला सुरा काढून देतो’ हे घ्यायचं, ‘ज्यानं अमक्याला भोसकलं’ हे टाकायचं. आपल्याकडचे मेमोरंडम पंचनामे या निकालाच्या मापानंच शिवलेले असतात.

दुसरं दार म्हणजे महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा ठरते. ११ जुलै २००६ च्या मुंबईतल्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांत १८० हून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात १२ जणांना २०१५ मध्ये शिक्षा झाली, पाच जणांना फाशीची. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब का नाकारले, याच्या कारणांत एक असं होतं की वेगवेगळ्या आरोपींच्या कबुल्यांतले काही भाग तंतोतंत सारखे होते. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल इतर प्रकरणांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. प्रकरण अजून वरच्या न्यायालयापुढे आहे, त्यामुळे त्याच्या खरेपणावर मी बोलणार नाही. पण १९ वर्षं वाट पाहिलेल्या मृतांच्या नातलगांना त्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार मनातून जात नाही. जबाबाच्या भाषेची हेळसांड आरोपीइतकीच फिर्यादीलाही भोवते.

इंग्लंडनं हा धडा ठेचा खाऊन घेतला. १९८४ च्या कायद्यानं आरोपीची चौकशी ध्वनिमुद्रित करायची पद्धत बसवली. गिल्डफर्ड आणि बर्मिंगहमच्या बॉम्बस्फोटांत वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं निरपराध म्हणून १९८९ आणि १९९१ मध्ये सुटली. १९९२ मध्ये ‘पीस’ या नावाची मुलाखतीची नवी पद्धत आली. तिचा रोख कबुली काढण्याकडे नाही, माहिती मिळवण्याकडे आहे. ‘काय झालं ते सांगा’ म्हणायचं आणि माणूस थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. हो-नाहीचे प्रश्न शेवटाकडे. नॉर्वेनं पुढे हाच मार्ग घेतला आणि चौकशीविषयीच्या २०२१ च्या मेंडेझ तत्त्वांनी तो जगापुढे ठेवला. भाषेच्या अंगानं पाहिलं तर यात एकच गोष्ट निर्णायक आहे, ती म्हणजे ध्वनिफितीवर प्रश्न शिल्लक राहतो.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत जबाब दृक्‌श्राव्य माध्यमात नोंदवता येतो, पण ते ऐच्छिक आहे. चौकशीच्या खोल्यांतही कॅमेरे लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं. आणि यापेक्षा महत्त्वाची एक तरतूद आपल्या कायद्यात पूर्वीपासून आहे. दंडाधिकाऱ्यापुढे आरोपी कबुली देतो, तेव्हा विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि त्याचं प्रत्येक उत्तर पूर्ण लिहायचं असतं. म्हणजे प्रश्नाशिवाय उत्तराचा अर्थ लागत नाही, हे कायद्याला माहीत आहे. मग तीच रीत ठाण्याच्या टेबलावर का नको? त्यासाठी मोठा खर्च नाही, नवा विभाग नाही. ‘काळी होती का असे विचारले असता, काळीच असेल, अंधार होता, असे सांगते,’ एवढी एक ओळ जास्त टंकावी लागेल. आपल्या गृहखात्यानं याचं साधं परिपत्रक काढावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे.

ते निघेपर्यंत, वाचकहो, तुमच्यावर किंवा शेजाऱ्यावर प्रसंग आलाच तर घाई करू नका. फिर्यादीचा कागद शब्दन्‌शब्द वाचा, वाचता येत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. ‘माहीत नाही’ आणि ‘नक्की सांगता येत नाही’ हीसुद्धा उत्तरं आहेत, ती तशीच लिहायला लावा. जो शब्द तुमचा नाही, तो सही करण्याआधी बदलून घ्या. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळण्याचा तुमचा हक्क आहे, ती घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नका. आणि सोबत कुणी म्हातारं माणूस असेल, तर घरातून निघताना त्याचा चष्मा आठवणीनं बरोबर घ्या. मी तो घेतला नव्हता.